विहिरीवरचे झाप

आम्ही दोघा भावांनी मिळून शेवटचं जे साधं काम केलं ते केळी सोलायचं. राजेळी केळी होती, चांगली पिकून साल काळी पडलेली. सुकेळी करायची होती. अंगणात बांबूच्या तट्ट्या टाकल्या होत्या, मी सोलून एकेक केळं उन्हात मांडत होतो आणि पास्कू समोर बसून पाठ म्हणत होता. त्याची वही माझ्या मांडीवर. हात चिकट, म्हणून पान उलटायचं ते कोपराने. तो डोळे मिटून इंग्रजीत घडाघडा बोलायचा आणि थांबला की विचारायचा, "बरोबर का, दादा?" मी शिकलो चौथी. इंग्रजीचं एक अक्षर मला येत नव्हतं. मी वहीकडे बघायचो, मग त्याच्या तोंडाकडे बघायचो आणि म्हणायचो, "बरोबर."

"तू दर खेपेला बरोबरच म्हणतोस."

"मग तू चुकत नसशील."

तो हसला, तट्टीवरचं एक केळं उचलून तोंडात टाकलं, आणि मी त्याच्या हातावर चापट मारली. दुसऱ्या दिवशी त्याचा पेपर होता. तो पेपर त्याने दिला नाही, कारण केळी सोलली त्याच दिवशी, दुपार व्हायच्या आधी, तो मेला. हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्याला ताटकळत ठेवायची मला हौस नाही.

माझी बायको कात्रीन गेली त्याला सात महिने झाले. ती होती तोवर हे लिहायची गरज नव्हती. तिला सगळं माहीत होतं. आता माहीत असलेलं कुणी उरलं नाही, म्हणून वहीत उतरवतो आहे. अक्षर वाईट आहे. घरात आम्ही बोलायचो ती बोली मी इथे लिहीत नाही. ती कागदावर उतरत नाही आणि माझ्या नातवंडांना ती कळतही नाही.

आमची वाडी होळी नावाच्या आळीत, वसई गावाला लागून. पानवेल, केळी, मधे मधे माड आणि पोफळी. वसई तेव्हा नुकतीच कॉलेजचं गाव झाली होती. खरं तर दुसऱ्यांदा झाली होती. पहिलं कॉलेज फिरंगी पाद्र्यांचं, किल्ल्यात. त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत, वडाच्या मुळांनी दगड धरून ठेवलेत. आम्ही लहानपणी तिथे चिंचा पाडायला जायचो. बा म्हणायचा, "हितं मोठे मोठे लोक शिकले. आता बघ, शेळ्या शिकतात." नंतर गावात नवं कॉलेज निघालं आणि बाची मस्करी बंद झाली, कारण पास्कू तिथे जायला लागला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला तो पहिला.

कॉलेज आलं आणि गावाचा स्वभाव पालटला. मास्तर लोक बाहेरून आले, कुणी देशावरचे, कुणी मुंबईचे. त्यांनी खोल्या भाड्याने घेतल्या. त्यांना डास चावायचे, घाम यायचा, सुक्या बोंबलाच्या वासाने त्यांच्या बायका नाकाला पदर लावायच्या. वर्षभरात त्यातल्या निम्म्या बोंबील मागून न्यायला लागल्या. बाजारात वह्यांची दोन दुकानं झाली, सायकली भाड्याने देणारा एक आला, विद्यार्थ्यांसाठी खानावळ निघाली. आधी लोक विचारायचे, तुझ्या वाडीत किती वेली. मग विचारायला लागले, तुझा पोरगा कितवीला. ज्याच्या घरात कुणी कॉलेजात नाही त्याने मान खाली घालून चालायचं.

आणि एक रीत पडली. उपासाच्या दिवसांत आमच्यात तसाही बँडबाजा नसतो, लग्नं नसतात, पास्काच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, गाव दबक्या आवाजात वागतं. परीक्षा त्याच सुमाराला यायच्या. त्यामुळे उपास आणि परीक्षा यांचा गावाने एकच काला केला. उपास न धरणारेही परीक्षेसाठी गप्प राहायला लागले. पाववाला घंटी वाजवायचा नाही, हाक मारायचा, तीही हळू. नारळ फोडायचा तर घराच्या मागे जाऊन. कुणाचं पोर रडलं तर शेजारीण येऊन म्हणायची, "अगो, त्याला घे की उचलून, आमच्याकडं परीक्षा हाय." हे कुणी नेमून दिलेलं नव्हतं. ज्यांना स्वतःला शिकायला मिळालं नाही त्यांनीच हा नियम केला आणि त्यांनीच सगळ्यात कडक पाळला. मी त्यातलाच.

मी चौथीनंतर शाळा सोडली ती रहाटासाठी. विहिरीवर रहाट होता, त्याला रेडा जुंपायचा आणि मागे चालत राहायचं. पोहऱ्यांतून पाणी पन्हळीत, पन्हळीतून पाटात, पाटातून वेलींच्या सरीत. रहाट करकरायचा, पण तो आवाज असा की त्याने झोप लागायची. आय म्हणायची, पहाटे रहाट थांबला की तिला जाग येते. घरात एकजण रहाटामागे पाहिजे होता. बाने दोघांकडे बघितलं आणि मला धरलं. मी थोरला, अंगाने दांडगा. पास्कू किरकोळ, सारखा खोकायचा. एवढंच कारण. मला राग आला होता का? आला होता. कितीतरी वर्षं मी त्याच्या वह्यांकडे बघायचो नाही. पण तो कॉलेजात गेला तेव्हा माझा राग कुठे गेला कळलं नाही. बाजारात पानांची करंडी उतरवताना मी अनोळखी माणसालाही सांगायचो, आमचा पास्कू सायन्सला हाय. ऐकणाऱ्याला काय त्याचं. पण मी सांगायचो.

मग पाणी खाली जायला लागलं. आमच्या आजूबाजूच्यांनी इंजिनं बसवली, आम्ही रहाटावर होतो, आणि इंजिनांनी आमच्या रहाटाला कोरडं पाडलं. शेवटी बानेही रॉकेलवरचं इंजिन आणलं आणि रहाट काढला. वरच्या कठड्यावरून इंजिन पाणी ओढेना, पाणी फार खोल होतं. म्हणून विहिरीत निम्म्यावर ताडाचे दोन वासे आडवे बसवले, त्यावर फळ्या, आणि इंजिन तिथे खाली. रोज सकाळी मी भिंतीतल्या खोबणीत पाय देत उतरायचो, दांडा फिरवून चालू करायचो, वर यायचो. धुराचा पाइप विहिरीच्या तोंडाच्या थोडा खालीच संपायचा. लांब पाइप लावायचा राहून गेला होता. धूर निळा निळा वर यायचा आणि वाऱ्याने समुद्राकडून गावाकडे जायचा. आय म्हणायची, "माझ्या भाताला रॉकेलचा वास लागतोय."

रहाटाने झोप यायची, इंजिनाने झोप उडायची. तो आवाज विहिरीत घुमून बाहेर पडायचा, फाट फाट फाट, घराच्या ओटीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यात हातोडी. आणि ओटीवर पास्कू अभ्यासाला. एक दिवस तो मला म्हणाला, "दादा, तुझं इंजिन माझ्यापेक्षा चांगलं पाठांतर करतं. एकच ओळ, पण चुकत नाही." तो मस्करी करत होता. मी ती मनाला लावून घेतली. साऱ्या गावाने तोंडाला कुलूप लावलं होतं आणि आमच्याच विहिरीने बोंब मारायची? मी माडाच्या झावळ्यांचे झाप विणले, पावसाळ्यात भिंतीला लावतो तसेच, आणि इंजिन चालू करून वर आलो की विहिरीच्या तोंडावर आडवे टाकायला लागलो. आवाज अर्ध्यावर आला. पास्कू म्हणाला, "दादा, तू इंजिनीअर व्हायला पाहिजे होतास." हे ऐकून मला काय वाटलं ते मला अजून सांगता येत नाही.

आमच्याकडे विहिरीत उतरायची एक रीत आहे. गाळ काढायला उतरायचं तर आधी कंदील सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरेल, विझला तर नाही. लहान पोराला पण हे माहीत. पण आम्ही सगळे समजायचो की वाईट हवा असते ती पडीक विहिरीत, जिचं पाणी कुणी काढत नाही, जिच्यावर शेवाळ आलंय. रोज उपसा असलेली विहीर जिवंत असते, तिला कंदील दाखवायचा म्हणजे घरच्या गाईला तू दूध देतेस का विचारण्यासारखं. कंदील होता. घराच्या आढ्याला टांगलेला होता. झाप टाकताना तो काही माझ्या मनात आला नाही.

त्या दिवशी केळी मांडून झाल्यावर पास्कू म्हणाला, "आज जास्त वेळ चालवशील का रे?" दोन दिवस पाणी दिलं नव्हतं, वेली माना टाकायला लागल्या होत्या. मी म्हटलं, चालवावं लागेल. त्याने कपाळ चोळलं. मी ते बघितलं. म्हणून त्या दिवशी झापांवर मी गोणपाटाची पोती भिजवून टाकली, एकावर एक, चार. आवाज जवळजवळ गेलाच. जमिनीतून नुसतं धडधडल्यासारखं वाटायचं. मी ओटीकडे बघून हात वर केला, पास्कूने पण केला. मग मी फावडं घेऊन वाडीच्या पार टोकाला गेलो, सरी फोडायला.

दीड दोन तास पाणी येत होतं. मग पाटातलं पाणी बारीक झालं आणि थांबलं. मला वाटलं रॉकेल संपलं. मी गुडघाभर चिखलात, एक सरी अर्धी भिजलेली. मी तिथूनच ओरडलो, "पास्कू! बघ रे, इंजिन का मेलं!"

तो ओरडला, "बघतो!"

हे मी बोललो. मीच त्याला पाठवला. मी काय केलं मग? ती सरी फावड्याने नीट केली. बाजूची पण केली. एक विडी ओढली. पाणी येईना तेव्हा शिव्या देत निघालो. विहिरीपाशी आलो तर एका कोपऱ्याचं पोतं आणि झाप बाजूला सारलेला. आत वाकून बघितलं तर पास्कू फळ्यांवर इंजिनाला टेकून बसलेला. बसलेला. मान एका बाजूला, जसा ओटीवर वाचता वाचता झोपायचा तसा. मी हाक मारली. मग पोती आणि झाप ओढून फेकले आणि खोबणीत पाय घातला.

बा बाजारातून नुकताच आला होता. त्याने मागून माझ्या कमरेला मिठी मारली. माझ्यापेक्षा तो बुटका, पण मला हलता येईना.

"सोड! पास्कू हाय खाली!"

"दिवा," तो आयला ओरडला. "आधी दिवा आन."

"बा, तो मरंल!"

"तू नाय जायाचा."

आय कंदील पेटवून धावत आली. बाने एका हाताने मला धरलं आणि दुसऱ्या हाताने, तोंडात दोर धरून, कंदील सोडला. कंदील पास्कूच्या डोक्यापर्यंत पण पोचला नाही. वात लाल झाली आणि विझली. आयने ते बघितलं आणि ती खाली बसली. मग बाने मला सोडलं आणि म्हणाला, पानी टाक. आम्ही हौदातल्या बादल्या विहिरीत ओतत राहिलो, हवा हलावी म्हणून. आय एक झाप दोराला बांधून वर खाली करत होती. ज्या झापाने त्याला मारलं तोच झाप. आम्ही ओतलेलं पाणी पास्कूच्या अंगावर पडत होतं आणि तो हलत नव्हता. दुसऱ्यांदा कंदील विझला. तिसऱ्यांदा जळत राहिला. तेव्हा बाने मान हलवली आणि मी उतरलो.

त्याचं तोंड गुलाबी होतं. मेलेल्या माणसासारखं नव्हतंच. म्हणून मला वाटलं की जिवंत आहे. मी त्याला पाठीवर बांधून वर आणला. वजन काहीच नव्हतं. एक गोष्ट मी तिथे बघितली ती कुणाला तेव्हा सांगितली नाही. इंजिनाची टाकी अर्धी भरलेली होती. रॉकेल संपलं नव्हतं. इंजिनालाही श्वास घ्यायला हवा उरली नव्हती, म्हणून ते बंद पडलं.

किती वर्षं मी बाशी धड बोललो नाही. तीन वेळा कंदील सोडेपर्यंत थांबवलं मला, असं डोक्यात बसलं होतं. कात्रीन एकदा म्हणाली, "मग काय झालं असतं? त्यांनी पुरायला दोन पेट्या केल्या असत्या." ती अशीच बोलायची. तिच्या त्या बोलण्यानंतर मी बाला जाऊन चहा दिला. तेव्हा तो आंधळा झाला होता. कुणी दिला ते त्याला कळलं की नाही, माहीत नाही.

हवालदार आला, पंचनामा करायला. पास्कूचे कॉलेजातले एक सर पण आले, केमिस्ट्रीचे, शेजारच्या आळीत राहायचे. त्यांनी विहीर बघितली, पाइप बघितला, पोती बघितली. मग आमच्या ओटीच्या पायरीवर बसले आणि चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "हा इंजिनाच्या धुरातला वायू आहे. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणसाला झोप येते, बस."

बा म्हणाला, "तुमच्या पुस्तकात हाय हे?"

"आहे."

"त्यानं वाचलं व्हतं?"

सर म्हणाले, "हो. उद्याच्याच पेपरला होतं."

"मग त्याला कसं नाय कळलं?"

सर चष्मा घालून उठले. अजून कुणी त्याचं उत्तर मला दिलेलं नाही. पुस्तकातला वायू आणि आपल्या घरच्या विहिरीतली हवा एकच, हे त्याला सुचलं नसावं. आम्हाला कंदील सुचला नाही, तसंच.

हवालदार खुर्चीत बसून लिहीत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "विहिरीच्या तोंडावर हे कुणी झाकलं?"

मी दाराला टेकून उभा होतो. माझ्या तोंडात शब्द होता. तो बाहेर यायच्या आत बा म्हणाला, "मी."

"तुम्ही स्वतः?"

"मी. पोराचा अभ्यास चालला व्हता. आवाज व्हायचा."

आयने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. हवालदाराने लिहून घेतलं, बाने अंगठा दिला. पुढे गावात कुजबुज झाली, बापाने पोराला मारलं, परीक्षेसाठी. बाने ती मरेपर्यंत ऐकली आणि एकदाही माझ्याकडे बोट केलं नाही. हे लिहायला म्हणून मी वही घेतली. बाकीचं नुसतं त्याच्या आजूबाजूचं आहे.

पास्कूला सरकारी दवाखान्यातून संध्याकाळी परत आणलं. पुरायचं दुसऱ्या दिवशी दुपारी ठरलं. घरात बायका माळेची प्रार्थना म्हणत बसल्या होत्या. परीक्षेमुळे त्या पण हळूच म्हणत होत्या.

सकाळी उजाडल्यावर मी बाहेर पडलो. आमचं बघून होळीतल्या आणखी तीन वाड्यांतल्या विहिरींवर झाप पडले होते. मीच त्यांना विणून दिले होते, शेखी मिरवत. लोकांना अजून खरं कारण माहीत नव्हतं. कुणी म्हणत होतं पाय घसरला, कुणी म्हणत होतं विहिरीने ओढून घेतला. पहिल्या वाडीत कुणी नव्हतं. मी झाप काढले आणि विळ्याने उभे आडवे चिरले, पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून. दुसऱ्या वाडीतली बाई बाहेर आली, मला बघितलं, आणि तोंडावर हात धरून आत गेली. 

तिसरी वाडी दुमिंगकाकाची. त्याची मुलगी त्याच वर्षी परीक्षेला बसली होती. जमिनीतून धडधड येत होती. इंजिन चालू होतं आणि झाप तोंडावर होते. मी पळालो. झाप ओढले तसा धूर माझ्या तोंडावर आला. आत वाकून मी ओरडलो, "काका! कोन हाय खाली?"

"मी हाय इथं," मागून आवाज आला. दुमिंगकाका गोठ्यातून येत होता, हातात गवत. "काय करतो रे तू? पोरीचा पेपर हाय आज, ती वाचतेय."

"आत कोन नाय ना?"

"नाय. मी आता उतरनार, बंद करायला."

"उतरू नको."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग गवत खाली ठेवलं. "इनास, तुझ्या बानं सांगितलं काय तुला हे काढायला? हवालदार सांगत व्हता, त्यानंच झाकली म्हनून..."

"बानं नाय. झाप मी टाकले व्हते. पोती पन मी."

दुमिंगकाकाने मोकळ्या विहिरीत डोकावून बघितलं. घरातून त्याची मुलगी दारात आली, हातात पुस्तक, आवाज का वाढला म्हणून विचारत. त्याने हात हलवून तिला आत जायला सांगितलं. इंजिन खाली फाट फाट करत होतं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. ते बंद करायला आम्हा दोघांतला कुणीही खाली उतरला नाही. रॉकेल संपेपर्यंत आम्ही विहिरीच्या काठावर उभे राहिलो.